डावा गाल

९ जानेवारी

ही वही माझ्या धाकट्या बहिणीची. पहिल्या दोन पानांवर तिने तिच्या 'त्याचं' नाव गिरवून ठेवलं होतं, आणि लग्न झाल्यावर वही माळ्यावर फेकून दिली. ती दोन पानं मी फाडली. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही.

तर मी. वय चोवीस. चित्रपट कंपनीत फिल्म धुण्याच्या खोलीत कामाला, तिसरं वर्ष. डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत माझा गाल निळा आहे, दौतीतली शाई सांडावी तसा. जन्मापासून आहे, दुखत नाही, जात नाही. धाकटीच्या सासरची माणसं आली की आई मला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून देते. माझा एकही फोटो नाही. धुण्याच्या खोलीत मात्र दिवसभर मिणमिणता लाल दिवा असतो आणि त्या अंधुक उजेडात सगळ्यांचेच गाल सारखे दिसतात, म्हणून ती खोली मला आवडते.

आज नायिकाबाई आल्याच नाहीत. कॅमेरावाला तणतणत आमच्या दारात आला, आम्हा सहाजणींकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं. उंची जुळते, म्हणाला, दिवे लावून होईपर्यंत उभ्या राहा. अर्धा तास खांबासारखी उभी केली. मग म्हणाला, जरा रागावून बघा, थोडी फिल्म फिरवतो. मी म्हटलं, रागावलेलीच आहे, वेगळं काही करायला नको.

११ जानेवारी

घाईने लिहितेय, अक्षर वाकडं येणार.

सकाळी मोठ्या लाकडी ढोलावर ओली फिल्म गुंडाळत होते. एका तुकड्यात कोणी बाई रागाने बघत होती. देखणी होती. सटवीचा रुबाब तरी बघा, असं मनात आलं. मग तिच्या बाहीवर लक्ष गेलं. कोपरावर रफू केलेलं, वेडंवाकडं, हिरव्या धाग्याऐवजी काळ्याने. तो रफू मी स्वतः केलाय.

धुण्याच्या खोलीच्या मुख्य मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, अगं तूच की, दुसरी कोण असणार. मी भिंग लावून बघितलं. गाल स्वच्छ. काही म्हणजे काही नाही.

धावत कॅमेरावाल्याकडे गेले. तो भिंगं पुसत होता. पुसत पुसतच म्हणाला, "फिल्मला निळं कळत नाही. निळं तिला पांढरंच. आभाळ नाही का पांढरं येत?" आणि लाल तिला काळं, म्हणून नायिकाबाई ओठांना पिवळं लावतात, हेही सांगितलं. तुम्हाला आधीच ठाऊक होतं का, असं विचारलं, तर म्हणाला की त्याचं कामच आहे ते, माणूस फिल्मला कसा दिसेल ते बघणं. पुन्हा भिंग पुसायला लागला. एवढी मोठी गोष्ट आणि आवाजात चढ नाही की उतार नाही. रुक्ष माणूस.

१४ जानेवारी

तो तुकडा मागून घरी आणला. आईने खिडकीशी धरून बघितला, ही कोण म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर रडायला लागली. तिला बरं वाटलं असेल म्हणून मीही रडायच्या बेतात होते, तेवढ्यात म्हणाली, "अशीच व्हायला हवी होतीस गं."

मी तुकडा काढून घेतला. तिला कळलंच नाही काय झालं ते. मलाही राग नक्की कशाचा आला ते नीट सांगता येणार नाही, पण आला, आणि अजून आहे.

२ मार्च

कॅमेरावाल्याने तो तुकडा दिग्दर्शकांना दाखवला म्हणे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी मला बोलावलं आणि भांडकुदळ शेजारणीचं काम दिलं. दोनच प्रसंग. पहिल्यात बादलीभर पाणी नायकाच्या अंगावर टाकायचं. हे मी एका झटक्यात केलं, नायकाची मिशी निघाली.

दुसऱ्यात रडायचं होतं. रडण्याच्या प्रसंगासाठी इथे पगारी व्हायोलिनवाला ठेवलाय, तो कॅमेऱ्यामागे उभा राहून वाजवतो. त्याचं वाजवणं ऐकून मला हसूच यायला लागलं. मास्तरांनी डोक्याला हात लावला. मग मला आईचं ते वाक्य आठवलं आणि अशी ढसाढसा रडले की व्हायोलिनवाला वाजवायचं विसरला. मास्तर 'थांबा' म्हणाले तरी कॅमेरावाला हँडल फिरवतच होता. सेकंदाला दोन फेरे, ओठांतल्या ओठांत मोजत. मास्तर त्याच्यावर ओरडले, फुकट फिल्म घालवली म्हणून.

दुसरी वही, १९ ऑक्टोबर

पहिली वही संपली, त्यात माझी कामं म्हणजे भांडणं, बादल्या आणि एकदा नायिकेची मैत्रीण. ही वही मी विकत घेतली. कारण मी आता नायिका आहे!

जुन्या नायिकाबाई लग्न करून गेल्या. मालकांनी मला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली. तीन वर्षांत मालकांनी मला खुर्ची दिलेली नव्हती. म्हणाले, चेहरा फार बोलतो तुझा. मग अट सांगितली. कंपनीच्या आवाराबाहेर मी नायिका नाही. चित्र लागलं की थिएटरात जायचं नाही, लोकांना भेटायचं नाही, येताजाता डोक्यावरून रुमाल ओढून घ्यायचा. पोस्टर हाताने रंगवलेलं असेल, त्यात हवा तसा गाल काढता येतो. मी लगेच हो म्हटलं. लपायची मला सवय आहे, त्यात नवीन काय करायचं होतं.

कॅमेरावाल्याला सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही हो म्हणायला नको होतं." आता ह्याला काय करायचंय? माझा आनंद कोणाला बघवत नाही.

८ मे

लिहायला फुरसत नाही, अडीच वर्षांत ही वही अर्धीही भरली नाही. तिसरं चित्र लागलं, तेविसावा आठवडा चालू आहे. कंपनीत पत्रं पोत्याने येतात. त्यातली निम्मी लग्नाच्या मागण्या. एकाने लिहिलंय की माझ्या गालावर चंद्र उतरलाय. कोणत्या गालावर, ते लिहिलेलं नाही.

आज ट्रॅममध्ये गंमत झाली. शेजारच्या बाईच्या हातात मासिक होतं, त्यात माझं चित्र. तिने ते मैत्रिणीला दाखवलं, काय डोळे आहेत, काय रडते, मी चारदा बघितलं. ऐकून मला गुदगुल्या होत होत्या. उकडत होतं म्हणून मी रुमाल जरा मागे सारला. बाईने माझ्याकडे बघितलं, मासिक छातीशी धरलं आणि उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

घरी येऊन आईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. मीही दुसऱ्यांदा सांगताना हसले नाही.

३० मे

धाकटीच्या सासरच्यांना पुढच्या रांगेतल्या जागा हव्या आहेत. ज्यांच्यासाठी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसायचे तेच. जागा दिल्या. बटाटेही पाठवावेत असं वाटलं होतं.

तिसरी वही, २२ जानेवारी

नवीन फिल्म आली आहे. मालक दोन दिवस हवेत आहेत. आतापर्यंतची फिल्म म्हणे अर्धी आंधळी होती, हिला सगळे रंग बरोबर कळतात. आभाळातले ढग दिसतात, फिकट डोळे पांढरे पडत नाहीत. ती फार नाजूक मात्र आहे. धुताना पूर्ण अंधार लागतो, लाल दिवासुद्धा चालत नाही. मावशींनी सवयीने दिवा लावला आणि पहिली तीन रिळं काळी ठिक्कर करून टाकली. आता सगळ्याजणी आत चाचपडत काम करतात आणि एकमेकींच्या पायावर पाय देतात.

हे सगळं ऐकून मी ढगांचंच कौतुक करत बसले. मठ्ठ मी. डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले.

२४ जानेवारी

माझी चाचणी घेतली. मालक, मास्तर, कॅमेरावाला आणि मी, चौघंच छोट्या खोलीत. पडद्यावर मी आले. आणि माझ्याबरोबर माझा गाल आला. खराखुरा, आरशातला, फक्त दारापेक्षा मोठा.

मालकांनी टेबलावरचे कागद सारखे केले, पुन्हा सारखे केले. मग जाड रंग लावून चाचणी घेतली. डाग झाकला गेला, पण गाल हलेना. हसले तर उजवीकडून हसू, डावीकडे गिलावा. मास्तर हळूच म्हणाले की अर्धा चेहरा बोलतोय आणि अर्धा गप्प बसलाय. वाईट माणूस नाही, पण खरं बोलला.

जुनी फिल्म कारखान्याने बनवणं बंद केलंय. कोठारात जे डबे आहेत ते चालू चित्रापुरते पुरतील. त्यानंतर मालकांनी नवीन मुलगी बघून ठेवली आहे, तिला घोड्यावर बसायला शिकवतायत. मला म्हणाले, "बाई, तुमची चूक नाही यात." चूक असती तर सुधारली असती.

३ फेब्रुवारी

आज सकाळी धुण्याच्या खोलीत गेले, मावशींना विचारलं माझी जागा रिकामी आहे का. मावशी म्हणाल्या, आता ये की, पूर्ण अंधार आहे, तुझ्या सोयीचा. त्या थट्टेने म्हणाल्या. मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे रडले.

खरं लिहायचं तर मला भूक लागली आहे त्या कामाची. लोकांच्या पत्रांची नाही, पडद्यावर स्वच्छ दिसण्याचीही नाही. हँडल फिरायला लागलं की आत काहीतरी जागं होतं, ते दुसऱ्या कशाने होत नाही. ते काढून घेतलं तर मी करू काय?

१७ फेब्रुवारी

आगीचा प्रसंग झाला. जिवंत आहे.

चित्राची गोष्ट अशी की सासूने जिला छळ छळ छळलं ती सून शेवटी पेटलेल्या घरात शिरून त्याच सासूला बाहेर काढते. आवारात आख्खं लाकडी घर बांधलं होतं. एकदाच पेटवायचं, एकदाच घ्यायचं. चुकलं तर घर पुन्हा नाही.

सकाळी कॅमेरावाला माझ्या खोलीच्या दारात आला. चार वर्षांत कधी आला नव्हता. म्हणाला, "आज तोंडाला काही लावू नका." मी म्हटलं, नेहमीची पिवळी पावडर तरी? तीही नको, म्हणाला, घामाने ओघळेल. त्याचे डोळे लाल होते, दोन दिवस झोपला नसावा. एवढा कसला विचार करतो देव जाणे. मी तोंड साबणाने धुतलं आणि तशीच गेले.

घर पेटलं. सासूचं काम करणाऱ्या बाई चांगल्या जाडजूड आहेत आणि ऐनवेळी त्यांना खरीच घेरी आली, भीतीने पायच हलेनात. मला त्यांना ओढत आणावं लागलं. आणताना मी त्यांना जे काही बोलले ते मूकपटात होतं म्हणून बरं. बाहेर आले, धापा टाकत गुडघ्यावर बसले. मास्तर भोंग्यातून ओरडत होते, उजवीकडे वळा. सवयीने मी वळतच होते. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला, "अगं इकडे बघ! डावीकडे, माझ्याकडे!"

मी बघितलं. कॅमेरा अगदी जवळ आणला होता त्याने. काय चेहरा झाला असेल कोण जाणे, मला फक्त एवढंच वाटत होतं की हा शेवटचा मोठा प्रसंग, मग संपलं. तो मोजत राहिला, मी बघत राहिले.

चार वर्षांत कधी मला अहोजाहोशिवाय हाक मारली नाही आणि आज एकदम अगं. आगीच्या गडबडीत तोंडून गेलं असेल.

१९ फेब्रुवारी

गोंधळ उडालाय. घरात शिरतानाचं रीळ जुन्या फिल्मचं, पण बाहेर येतानाच्या डब्यात नवीन फिल्म भरली गेली होती! आगीत शिरते तेव्हा माझा गाल गोरा, बाहेर येते तेव्हा काळा, पडदाभर. मालकांनी कॅमेरावाल्याला सर्वांदेखत झापलं. तो एवढंच म्हणाला की चूक झाली. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ह्यांना काढलंत तर राहिलेले दोन दिवस मीही येत नाही, काढा तुमचं चित्र सासूबाईंना घेऊन. माणूस आहे, चुकायचाच. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी मालकांसमोर आवाज चढवलेला नव्हता कधी.

पण नवल वाटतं. हा माणूस एकेका डब्यावर चिठ्ठी चिकटवतो, त्याच्याकडून अशी गफलत? नशीब म्हणायचं की त्या डब्यावर त्याने स्वतःच्या हाताने 'पूर्ण अंधारात धुणे' असं लिहिलं होतं, नाहीतर मावशींनी लाल दिव्यात रीळ धुऊन जाळून टाकलं असतं. हे मावशींना बोलले तर त्या हातातल्या फडक्याआड खुदुखुदु हसायला लागल्या. म्हणाल्या, लिहिता वाचता येतं तुला, पण काही उपयोग नाही. मला राग आला. कशाला हसल्या ते सांगितलंही नाही.

२० फेब्रुवारी

मास्तरांनी तो प्रसंग तीनदा लावून बघितला आणि मग मालकांना ओढत आणलं. म्हणाले, नीट बघा, लोकांना काय दिसणार? पोर आगीत शिरली, सासूला वाचवलं आणि गाल भाजून बाहेर आली. दिसतंय ते एवढंच. आणि डोळे बघा तिचे.

मालकांनी शेवटच्या क्षणापर्यंत बघितलं. नंतर त्यांनी नाक शिंकरलं. चित्र तसंच लागणार. कॅमेरावालाही कामावर. बाहेर सांगायचं की रंगभूषेची कमाल आहे.

१२ एप्रिल

चित्र डोक्यावर घेतलंय लोकांनी. शेवटाला बायका हुंदके देतात, बाप्ये खोकतात. वर्तमानपत्रात रंगभूषाकाराचं कौतुक आलंय, इतका हुबेहूब भाजका गाल कधी झाला नव्हता म्हणे. रंगभूषाकार बिचारा माझ्यासमोर यायला लाजतो.

लोक थिएटरवाल्याच्या मागे लागलेत, बाईंना दाखवा. म्हणून मालकांनी साडेतीन वर्षांची अट मोडली. शनिवारी दुपारच्या खेळानंतर मी रंगमंचावर जायचं, आहे त्या तोंडाने. लोकांना वाटेल रंग लावून आलेय. वाकायचं, हात हलवायचा, परत यायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. मालक खूष आहेत, दोन्ही गोष्टी साधल्या म्हणतात.

१५ एप्रिल

मी खूष नाही. वाकून परत आले तर टाळ्या रंगाला. पुढच्या चित्रात ती घोड्यावरची मुलगी, आणि मी अंधारात. खरं सांगितलं तर कदाचित ट्रॅममधल्या बाईसारखं आख्खं थिएटर उठून पुढच्या बाकावर जाईल. आईला विचारलं. म्हणाली, मुकाट्याने वाकून ये. मग थोड्या वेळाने म्हणाली की तिलाही यायचंय.

कॅमेरावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मला जे करायचं होतं ते मी केलं. आता तुमचं काम." काय केलं याने? एक चूक केली, तीही मी सावरून घेतली. सरळ उत्तर द्यायला याचं काय जातं?

शनिवार, १८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर पुढे मागे होईल.

खेळ संपला, दिवे लागले, पडदा वर गेला. मी मधोमध जाऊन उभी राहिले, रुमाल नाही, काही नाही. उभ्या आयुष्यात इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं नव्हतं. टाळ्या, शिट्ट्या. मी वाकले. मालक विंगेतून खुणावत होते, झालं, चला आत.

तेवढ्यात बाल्कनीतून एक बाई ओरडली, चांगल्या मनाने ओरडली, "अहो आता पुसा ना तो रंग! खरा चेहरा बघू द्या तुमचा!" सगळे हसले. आणखी पाचपन्नास जण ओरडायला लागले, पुसा, पुसा.

खाली पियानोवाल्याच्या शेजारी पाण्याचा पेला होता. मी खाली वाकून तो मागितला. कमरेला खोचलेला पांढरा हातरुमाल काढला, पाण्यात बुडवला, पिळला आणि गाल पुसला. सावकाश, एकदा. मग जोरात, पुन्हा पुन्हा, कातडी निघेल इतका घासला. लोक हसत होते ते कमी झाले. मग कोणीच हसेना. मी हातरुमाल उलगडला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. पांढरा होता.

तोंडातून अक्षर काढायचं नाही असं सांगितलं होतं, आणि मूकपटाचीच नटी मी. मी नुसती उभी राहिले आणि डावा गाल लोकांकडे केला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पुढच्या रांगेत कोणीतरी उठलं. माझ्या मनात आलं, झालं, निघाली माणसं. पण ती व्यक्ती निघाली नाही. ती आमची आई होती. ती उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्यांना, ओळख ना पाळख, सांगत होती, "माझी मुलगी आहे. जन्मापासून अशीच आहे." आई एवढ्या मोठ्याने बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. मग बाल्कनीतली ती बाई उठली, मग सगळे. छप्पर खाली येतं की काय असं झालं. मी चारदा आत गेले, चारदा परत बोलावलं. पाचव्या वेळेला मी गेलेच नाही आत, तिथेच उभी राहिले आणि मनसोक्त रडले, व्हायोलिनशिवाय.

कॅमेरावाला अगदी मागे दाराशी उभा होता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि हा एकटा नाही. त्याचा उजवा हात नुसता गोल गोल फिरत होता, हँडल नसताना. सवय, दुसरं काय. सोमवारी विचारणार आहे त्याला, सगळ्या जगाने वाजवल्या, तुम्हालाच का नाही वाजवाव्याशा वाटल्या म्हणून.

विंगेत आले तर मालक तिथे नव्हते. मग मागच्या जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू आला. ते पोस्टर रंगवणाऱ्याला ओरडून सांगत होते की शहरातली सगळी पोस्टरं उतरव, गाल नव्याने रंगव आणि निळा रंग कमी पडला तर आत्ताच्या आत्ता मागवून घे.